ॲडलेड ते उलुरू, दोन गाड्या, चार ज्येष्ठ: जुलैचा प्लॅन बघून सांगा

अमोल_ॲडलेड

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही सहा वर्षं ॲडलेडला आहोत, मी, बायको आणि दोन मुलं (११ आणि ७). यंदा पहिल्यांदाच माझे आई-बाबा आणि सासू-सासरे एकाच वेळी येतायत, मे ते ऑगस्ट. बाबा फोनवर दरवेळी एकच विचारतात, तो लाल डोंगर कधी दाखवतोस. म्हणून जुलैच्या शाळेच्या सुट्टीत उलुरूला गाडीने जायचं ठरवलंय. विमानाने जाऊ शकतो माहितीये, पण बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, सांगली डेपो, त्यांना तो रस्ता बघायचाय, डोंगर नंतर.

माणसं आठ, त्यामुळे गाड्या दोन. एक आमची ५ सीटर एसयूव्ही, दुसरी भाड्याने घ्यावी लागणार. चालवणारे मी आणि बायको, तिने सलग तीन तासांच्या वर कधी चालवलेली नाही. बाबा ६८ चे, मला पण चालवू दे म्हणून मागे लागलेत. आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. सासरे ७२, त्यांना दर तास-दीड तासाला बाथरूमला जावं लागतं आणि ते बोलून दाखवत नाहीत, गप्प सहन करतात, हे मला बायकोने सांगितलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही.

माझा प्लॅन असा: पहिल्या दिवशी ॲडलेड ते कूबर पेडी ८५० किमी, दुसऱ्या दिवशी कूबर पेडी ते युलारा (उलुरूजवळचं राहायचं गाव) ७३५, तिथे दोन दिवस, मग किंग्ज कॅन्यन, ॲलिस स्प्रिंग्ज, आणि तिथून दोन दिवसात परत १५३०. एकूण आठ दिवस. होईल का? आणि दुसरी गाडी कुठली घेऊ?

रानवाटा_मेलबर्न

अमोल, मनापासून सांगतो, हा प्लॅन दोन मित्र गेले तर ठीक आहे, चार ज्येष्ठांना घेऊन अजिबात नको. ८५० किमी म्हणजे नुसतं चालवणं नऊ तास, त्यात तुझ्या सासऱ्यांसाठी सात-आठ थांबे, आईचं जेवण वेळेवर, डिझेल, म्हणजे बारा तास धर. जुलैत तिकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि संध्याकाळ झाली की कांगारू रस्त्यावर यायला लागतात. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा गावाबाहेर अंधारात चालवलं तर लागूच होत नाही, करार नीट वाचून घे. म्हणजे तुझ्या हातात सकाळी आठ ते चार-साडेचार एवढीच वेळ आहे. प्लॅन करताना आधी ही वेळ धर आणि मग त्यात किलोमीटर बसव, उलटं करू नकोस.

मी असं करेन. पहिला दिवस फक्त पोर्ट ऑगस्टा, ३१० किमी, आरामात पोचा, तिथे वाळवंटी झाडांची मोठी बाग आहे, वाटा सपाट आहेत. दुसरा दिवस कूबर पेडी, ५४० किमी, हा लांबचा दिवस, आठला निघा. तिसरा दिवस गाडी हलवायचीच नाही. कूबर पेडीत जमिनीखालची घरं आहेत, आत वर्षभर २३ ते २५ डिग्री असतं, तिथल्या एखाद्या जमिनीखालच्या मोटेलमध्ये रहा, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी आत काही वाटत नाही. १९१५ साली एका १४ वर्षांच्या मुलाला तिथे ओपल सापडला आणि त्यातून ते गाव उभं राहिलं, हे मुलांना सांग, खूश होतील. फक्त गावाबाहेर कुणालाही फोटो काढत काढत मागे मागे जाऊ देऊ नकोस, खाणींचे खड्डे उघडे असतात.

चौथा दिवस एर्लडंडा, ४९० किमी, तिथे मोटेल आहे आणि आवारात इमू आहेत. पाचव्या दिवशी युलारा, २४५ च किमी. तिथे दोन पूर्ण दिवस. मग किंग्ज कॅन्यन जमलं तर करा, नाहीतर थेट ॲलिस, ४५० किमी.

डिझेल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी २५० किमीमध्ये पंप नाही. आणि रोडहाउस (हायवेवरचा पंप आणि खानावळ) चालू आहे की बंद हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, नकाशावर दिसतंय म्हणून विसंबायचं नाही.

रोड ट्रेनबद्दल, म्हणजे मागे अनेक ट्रेलर लावलेल्या ट्रकबद्दल, बाबांना आधीच सांगून ठेव. सांगलीचे आहेत म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रोज बघितलेला आहे. ही त्याच्या कितीतरी पट, ५३ मीटरपर्यंत लांब आणि शंभरच्या स्पीडने. ओव्हरटेक करताना समोर किलोमीटरभर मोकळं दिसलं तरच.

मालविका_के

रानवाटा यांना अनुमोदन. मी दोन गाड्यांबद्दलच लिहिते कारण आमच्यावर वेळ आली होती.

आम्ही पण दोन गाड्यांनी गेलो होतो, पुढच्या गाडीत मी, नवरा, मुलं, मागच्या गाडीत दीर, जाऊ आणि सासूबाई. ग्लेनडॅम्बो सोडलं, साधारण ८० किमी गेलो असू, मागच्या गाडीचा टायर फुटला. आम्हाला पत्ताच नाही. रस्ता इतका सरळ की आरशात मागची गाडी कधी ठिपका होते आणि कधी नाहीशी होते कळत नाही, आम्ही आपले येत असतील, येत असतील करत पुढे. पुढच्या थांब्याच्या जागेवर वीस मिनिटं थांबलो, मग पोटात गोळा आला. फोनला रेंज शून्य. उलट फिरलो तेव्हा कळलं आम्ही ६० किमी पुढे गेलो होतो.

आता मुख्य गोष्ट. सासूबाईंना शुगर आहे, सकाळी इन्सुलिन घेतलेलं, आणि खाण्याची सगळी पिशवी, दशम्या, चटणी, केळी, बिस्किटं, सगळं आमच्या गाडीत. त्यांच्याकडे फक्त पाणी. त्यांना घाम सुटला, हात थरथरायला लागले, जाऊ सांगते की बोलणं पण अडखळायला लागलं. एका रोड ट्रेनवाल्याने एवढी मोठी गाडी थांबवली, आपल्या केबिनमधल्या फ्रिजमधून संत्र्याच्या ज्यूसचा डबा आणून स्वतः उघडून त्यांच्या हातात दिला आणि मग टायर बदलायला पण मदत केली. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, तो रिकामा डबा अजून हातात घट्ट धरलेला. ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून अमोल, आईंच्या खाण्याची आणि औषधाची एक पिशवी त्यांच्या गाडीत, आणि त्याच सगळ्याचा दुसरा सेट दुसऱ्या गाडीत. पाणी प्रत्येक गाडीत वेगळं, माणशी ५ लिटर तरी. स्पेअर टायर, जॅक, पंप प्रत्येक गाडीत. कुठलीही गाडी एकटी पडली तरी पाच-सहा तास निभली पाहिजे असं सामान लावायचं.

दुसरं, यूएचएफ रेडिओ घ्या, वॉकीटॉकीसारखे, ५ वॉटचे, दोन्ही गाड्यात एकेक. वेगळं लायसन्स लागत नाही. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात, कॅरॅव्हनवाले १८ वर, ५ आणि ३५ फक्त इमर्जन्सीसाठी ठेवलेले आहेत, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. आपण आपला वेगळा चॅनल ठरवायचा. मोकळ्या माळावर चार-पाच किमी आरामात ऐकू येतं, त्यामुळे आवाज तुटायला लागला की पुढच्याने हळू व्हायचं. आणि हळू चालणारी गाडी नेहमी पुढे ठेवायची. पण एकमेकांना चिकटून नका जाऊ, मधे रोड ट्रेनला शिरता येईल एवढी जागा सोडा, नाहीतर तिला एकदम दोन गाड्या ओव्हरटेक कराव्या लागतात.

टेल्स्ट्राचं सिम निदान एका फोनमध्ये हवंच, तरीसुद्धा मधे शेकडो किमी रेंज नसते. सॅटेलाइटवरून एसओएस जाणारा फोन किंवा वेगळा बीकन जवळ असू दे.

अमोल_ॲडलेड

मालविकाताई, वाचून अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं, ती लगेच उठून याद्या करायला बसली. रेडिओ नक्की घेतो.

रानवाटा, ११० च्या स्पीडचा हिशोब करून मी दिवस आखले होते, थांबे धरलेच नव्हते, चूक झाली. पण तुमच्या प्लॅनने जायलाच आठ-नऊ दिवस आणि मग परतीचे १५३० आहेतच. ज्येष्ठांना परत तेवढं बसवायचं जिवावर येतंय. आणि दुसरी गाडी मोटरहोम घ्यावी का सेव्हन सीटर?

देशपांडे_ब्रिस्बेन

मोटरहोम घ्या, आणि ते फक्त सासऱ्यांसाठी घ्या. झोपायला नाही. आम्ही वडिलांसाठी हेच केलं.

स्टुअर्ट हायवेवर, म्हणजे तुमच्या याच रस्त्यावर, थांब्याच्या जागा बऱ्याच आहेत पण सगळीकडे टॉयलेट नाही, आणि जिथे आहे तिथे खड्ड्याचं, जुलैतसुद्धा माश्या. ७२ वर्षांच्या संकोची माणसाला झुडुपामागे जायला सांगणं बरं नाही वाटत. मोटरहोममध्ये स्वतःचं टॉयलेट आहे म्हटल्यावर माझे वडील पाणी प्यायला लागले, इतका फरक पडला. त्याआधी जावं लागेल म्हणून दिवसभर घोटभरसुद्धा पाणी प्यायचे नाहीत, आणि त्याने त्रास अजूनच वाढायचा. फक्त दर तासाला थांबायचंच असं ठरवून टाका, कुणी मागायची वाट बघायची नाही, गाडी थांबली की सगळेच पाय मोकळे करायला उतरतात आणि कुणाला संकोच वाटत नाही.

पण काही गोष्टी लक्षात घ्या. चालत्या गाडीत टॉयलेटला जायचं नाही, बेल्ट सगळ्यांना हवाच, आणि बेड सहा असले तरी प्रवासात बसायच्या बेल्टवाल्या सीट किती ते वेगळं विचारा. पायरी उंच असते, सासूबाईंसाठी एक मजबूत स्टूल ठेवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड ज्येष्ठांच्या कामाचा नाही. टॉयलेटची टाकी डंप पॉइंटला रिकामी करावी लागते, ते काम तुम्ही स्वतः पहाटे उरकून टाका, त्यांना दिसता कामा नये. रात्री मात्र सगळ्यांनी मोटेल किंवा केबिनमध्ये झोपा. जुलैत युलाराला रात्री ४-५ डिग्री असतं, कधी शून्याखाली. आणि बुक करताना बघा, युलाराच्या कॅम्पग्राउंडमधल्या केबिनला स्वतःचं बाथरूम नसतं, बाहेर कॉमनमध्ये जावं लागतं, थंडीत रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ते नको. हॉटेलची खोली घ्या, महाग पडेल पण घ्या, आणि आत्ताच घ्या, शाळेच्या सुट्टीत नंतर मिळत नाही.

आता परतीचं. मोटरहोम ॲडलेडला घेऊन ॲलिसला सोडता येतं, वन-वेचे जास्तीचे पैसे पडतात. ज्येष्ठ चौघांना ॲलिसहून विमानात बसवा, दोन तासांत ॲडलेड. तुम्ही चौघे तुमच्या एसयूव्हीने तीन दिवसात परत या. ॲडलेडला त्यांना आणायला कोणी मित्र असेलच.

४.५ टनापर्यंतचं मोटरहोम साध्या कारच्या लायसन्सवर चालतं. बाबांचं भारतातलं लायसन्स चालू असेल आणि इंग्लिशमध्ये असेल तर पाहुणे म्हणून ते चालवू शकतात, पण भाड्याच्या करारात त्यांचं नाव ड्रायव्हर म्हणून घाला आणि वयाची अट विचारा.

नलिनी_कुलकर्णी_पर्थ

मी स्वतः ७० ची आहे, तीन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि तिच्या आईवडिलांबरोबर हीच सहल केली. अमोल, तुला अरेतुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

सगळ्यांनी गाड्यांचं छान सांगितलंय. मी माणसांचं सांगते. तुम्ही मुलं असं करता की माझे आईवडील माझ्या गाडीत, तिचे तिच्या गाडीत. तसं केलंत तर आठ दिवस व्याही व्याह्यांशी फक्त जेवताना बोलतील, आणि ते पण नमस्कार-चमत्कार. पहिल्याच दिवशी विहिणी-विहिणी एका गाडीत, व्याही-व्याही दुसऱ्या गाडीत, मुलं फिरती, असं करून टाक. आमच्या विहीणबाई आणि मी लग्नानंतर बारा वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी बोललो. त्यांची एक बहीण लहानपणी गेली, हे मला तेव्हा कळलं. बाहेर बघायला काही नसतं ना, नुसता लाल माळ आणि खुरटी झुडपं, त्यामुळे माणूस मनातलं बोलतो.

आम्हाला सगळं दाखवायचा अट्टाहास करू नका. किंग्ज कॅन्यनला वरची जी ६ किमीची वाट आहे तिला सुरुवातीलाच खडी चढण आहे, पाचशेच्या आसपास पायऱ्या. तुम्ही तरुण मंडळी जा, आम्ही खालच्या ओढ्याकाठच्या वाटेने जरा जाऊन येतो आणि चहा करून ठेवतो. आम्हाला त्यात वाईट वाटत नाही. वाईट कधी वाटतं, आमच्यामुळे तुमचं राहिलं असं तुमच्या तोंडावर दिसलं की.

उलुरूवर आता चढत नाहीत, २०१९ च्या ऑक्टोबरपासून बंद केलंय, तिथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा आहे. मला विचारशील तर फारच चांगलं केलं, आपण कुठे गाभाऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवतो. पायथ्याने पूर्ण वाट १० किमी आहे, मी त्याला प्रदक्षिणाच म्हणते. आम्ही पूर्ण नाही केली. सकाळी 'माला' नावाची सपाट वाट केली, जाऊन येऊन २ किमी, आणि दुपारी मुटिट्जुलूच्या पाणवठ्यापर्यंतची १ किमीची. दोन्हीकडे व्हीलचेअर जाते, तेव्हा सासूबाईंची काळजी नको. गाडीनेही पूर्ण फेरी मारता येते. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळायच्या, मुलांना आधी समजावून सांग. पाणवठ्यापाशी आमच्या विहीणबाईंनी चप्पल काढून हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं. मग मी पण काढली.

आणि हो, युलाराच्या अलीकडे डावीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो, सगळे ओरडतात आला आला म्हणून, तो माउंट कॉनर. तिथे थांबायची जागा आहे, उतरा, आणि रस्त्यापलीकडच्या वाळूच्या टेकाडावर मुलांना चढू दे, मागे मिठाचं तळं दिसतं.

बरोबर न्यायचं: घडीच्या खुर्च्या, पाठ असलेल्या. चहाचा सगळा सरंजाम, आलं किसलेलं डबीत. मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी, छोटा कुकर. कानटोप्या, हातमोजे, लोकरीचे पायमोजे. तोंडावरची माशांची जाळी, जुलैत लागली नाही तर नाही.

डॉ_स्मिता_टी

आईंबद्दल दोन-तीन गोष्टी. इन्सुलिन गोठलं की टाकून द्यावं लागतं, वितळलं तरी वापरायचं नाही. वाळवंटात जुलैच्या रात्री गाडीत ठेवू नका, खोलीत न्या. कूलबॉक्समध्ये बर्फाच्या पॅकला थेट टेकवू नका, टॉवेलात गुंडाळा. दोन गाड्यांत विभागून ठेवा, मालविकांनी सांगितलंच आहे. भारतातून येताना तीन महिन्यांपर्यंतची औषधं आणि डॉक्टरांचं इंग्लिशमधलं पत्र, ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. गाडी थांबली की पोटऱ्या हलवायला सांगा, चौघांनाही.

भारताचा ऑस्ट्रेलियाशी वैद्यकीय उपचारांचा परस्पर करार नाही, त्यामुळे मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) मिळणार नाही. व्हिजिटरचा आरोग्य विमा घेताना आधीपासूनचे आजार आणि अँब्युलन्स दोन्ही त्यात आहेत का ते लेखी बघा. त्या भागात गंभीर काही झालं तर फ्लाइंग डॉक्टरांचं विमान येतं, त्यासाठी हायवेवरच उतरायच्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत, दिसतील तुम्हाला. गावागावातल्या क्लिनिकचे नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. इमर्जन्सीचा नंबर ०००.

रानवाटा_मेलबर्न

एक राहिलं. नॉर्दर्न टेरिटरीत गेल्यावर स्पीड लिमिट १३० आहे, तुम्ही ९०-१०० लाच रहा, मोटरहोमला वारा लागतो. जुलैत साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीची वेळ एकच असते, घड्याळ बदलायला नको. परत येताना फळं आणू नका, साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे बंदी आहे.

अमोल_ॲडलेड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस यावरच बोलत होतो घरात. शेवटी ठरलं ते असं: टॉयलेटवालं मोटरहोम ॲडलेडहून घ्यायचं आणि ॲलिसला सोडायचं, बाबांचं नाव करारात घालता येतं असं कंपनीने लेखी दिलंय. युलाराला हॉटेलच्या चार रात्री धरल्या, तीन खोल्या, मिळाल्या. किंग्ज कॅन्यन रद्द. नलिनीकाकू, बायको म्हणाली ते मी आणि मुलं एखाद वर्षी परत जाऊन करू, या वेळी नको. ज्येष्ठांची ॲलिस-ॲडलेड विमानाची तिकिटं पण काढली, मित्र आणायला जाईल.

काकू, गाड्यांची वाटणी तुम्ही सांगितली तशीच करतोय. सासऱ्यांना फोनवर सांगितलं की दर तासाला गाडी थांबणारच, बाबांचा नियम आहे. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, बरं आहे, शिस्त हवीच.

बाबांनी तिकडे सांगलीत नकाशा मागवून भिंतीला लावलाय. काल व्हिडिओ कॉलवर दाखवला, पेन्सिलीने थांबे लिहिलेत, पोर्ट ऑगस्टा, पिंबा, ग्लेनडॅम्बो, प्रत्येकासमोर येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, अगदी डेपोतल्या वेळापत्रकासारखं. लेक हार्टचं मिठाचं तळं हायवेवरून दिसतं म्हणे, तिथे पंधरा मिनिटं लिहिलीत. रानवाटा, एवढं सांगा, पिंबाला डिझेल, चहा आणि आठ माणसांचं बाथरूम मिळून अर्धा तास पुरेल का? बाबांना आजच उत्तर हवंय.

रानवाटा_मेलबर्न

पाऊण तास लिहा म्हणावं. आणि तिथून सहा-सात किमीवर वूमेराला जुनी रॉकेट उघड्यावर मांडून ठेवलीत, मुलांसाठी अजून पाऊण तास. त्या दिवशी पोर्ट ऑगस्टाहून आठच्या ऐवजी साडेसातला सुटा, पण उजेड पडल्याशिवाय नको.